लाल गाडी आणि चाळीस हजारांचा कागद

रमजान ईद होऊन आठवडाही झाला नव्हता. शिरखुर्म्याचे डबे अजून शेजारपाजारहून परत यायचे होते, आणि आमच्या थोरल्याने जेवता जेवता दस्तरखानावर मोबाइल ठेवला. पडद्यावर लालभडक गाडी. स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, २०१७ ची, एमएच १२ म्हणजे पुण्याची, एकसष्ट हजार किलोमीटर चाललेली. मागणी साडेअकरा लाख.

“अब्बा, नवी होती तेव्हा शोरूममध्ये चोवीस लाखांच्या वर किंमत होती. आज अर्ध्याहून कमीत मिळतेय.”

स्पोर्ट्स कार म्हटले की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे सिनेमातली दोन दारांची, छप्पर उघडणारी गाडी येते. ही दिसायला चार दारांची, घरंदाज. पण बॉनेटखाली १९८४ सीसीचे टर्बो इंजिन आणि २३० अश्वशक्तीची ताकद. हदगावहून नांदेडला जाताना उसाची ट्रॉली, मेंढरांचा कळप आणि उलट्या बाजूने येणारा ऑटो हे तिन्ही एकाच वळणावर भेटतात. तिथे २३० अश्वशक्तीचे काय करायचे, असे आम्ही विचारले. तो हसला. पुण्यात नोकरीला लागून त्याला चार वर्षे झाली आहेत, पाच लाख त्याने स्वतः साठवले आहेत, व्यसन नाही. लहानपणापासून वहीच्या शेवटच्या पानावर गाड्याच काढायचा. अशा मुलाला सरळ “नको” म्हणणे आम्हाला जड गेले. म्हणून आम्ही म्हटले, “आधी विम्याचा खर्च काढ. मग बोलू.”

हे आम्ही टाळाटाळ म्हणून बोललो नव्हतो. आमच्या घराला एका जुन्या गाडीचा चटका बसलेला आहे.

२०११ मध्ये आम्ही आमची इंडिका उमरखेडकडच्या एका माणसाला विकली. पैसे मोजून घेतले, चावी दिली, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या आणि विसरून गेलो. नाव बदलून घेण्याचे काम त्याचे, अशी आमची समजूत. पाच वर्षांनी मोटार अपघात दावा प्राधिकरणाची नोटीस घरी आली. गाडीने एका मजुराचा पाय निकामी केला होता. विम्याची मुदत संपलेली, आणि आरटीओच्या नोंदीत मालक म्हणून आमचेच नाव. गाडी आम्ही किती वर्षांपूर्वी विकली, ती मधल्या काळात कोणाकोणाच्या हातात गेली, याच्याशी कायद्याला कर्तव्य नव्हते. नांदेडला तारखा करून करून चपला झिजल्या. शेवटी तडजोड झाली, त्यात आमच्या वाट्याला एक लाख ऐंशी हजार आले, आणि घरातल्या पाटल्या गेल्या. तो मजूर मात्र समोर बसलेला असायचा, कुबडी भिंतीला टेकवून. त्याच्यावर राग धरावा, असे त्याने काहीच केले नव्हते.

पुढे ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात हीच गोष्ट स्वच्छ सांगितली. तिथेही गाडी एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या हातात गेली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर. न्यायालय म्हणाले, ज्याचे नाव नोंदीत तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. जखमी माणसाने गाडीच्या खरेदी-विक्रीची साखळी शोधत फिरावे, अशी अपेक्षा करता येणार नाही. वाचताना आम्हाला तो कुबडीवाला मजूर आठवला.

तर थोरल्याने खर्च काढला. त्याने विकणाऱ्याच्या चालू पॉलिसीचा फोटो मागवून घेतला आणि खुशीत येऊन सांगितले, “वर्षाला पंचवीस हजारसुद्धा नाही.” कागदावर २४,८९४ रुपये होते, आणि ते खरेही होते. पण ते त्या मालकाचे होते.

इथे धाकटीने वही ओढली. ती नांदेडला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बसस्थानकाजवळ बसणाऱ्या विमा प्रतिनिधी काकांना तिने फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि एकेक आकडा उतरवून घेतला.

गाडीच्या विम्याचे दोन भाग. पहिला थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याचा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार हा सक्तीचा आहे. याचा दर सरकार ठरवते, कंपनी कोणतीही असो. जून २०२२ पासून खासगी मोटारीसाठी वर्षाचा दर असा : १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसी ३,४१६ रुपये, आणि १५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये. वर १८ टक्के जीएसटी. गंमत अशी की गाडी किती पळते, हे इथे कोणी विचारत नाही. विचारतात ते इंजिन केवढे आहे. त्यामुळे चाळीसच्या वेगाने दर्ग्याला जाणारी आमच्या मामूंची जुनी डिझेल इनोव्हा आणि ही लाल गाडी दोघींचा दर एकच, ७,८९७.

दुसरा भाग स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला ओन डॅमेज म्हणतात. हा ऐच्छिक. याचा हप्ता गाडीच्या विम्यापुरत्या धरलेल्या किमतीवर बसतो. तिला आयडीव्ही म्हणतात. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली तर जास्तीत जास्त तेवढेच मिळतात. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीची घसारा-टक्केवारी ठरलेली आहे, चार ते पाच वर्षांच्या गाडीला पन्नास टक्के. त्यापुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. या गाडीची धरली होती नऊ लाख. म्हणजे साडेअकरा देऊन घ्यायची आणि उद्या चोरीला गेली तर नऊवर समाधान मानायचे.

आता पंचवीस हजारांची गोम. त्या मालकाने पाच-सहा वर्षे एकही दावा केला नव्हता, म्हणून त्याला ओन डॅमेजच्या हप्त्यात पन्नास टक्के सूट होती. ही सूट, जिला नो क्लेम बोनस म्हणतात, पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५० अशी चढत जाते. पण ती गाडीला मिळत नाही, माणसाला मिळते. गाडी विकली की मालक ती स्वतःबरोबर घेऊन जातो, तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावू शकतो. चालू पॉलिसी आपण आपल्या नावावर करून घेतली तर उरलेल्या मुदतीपुरता सुटीचा फरक आपल्याला भरावा लागतो, आणि पुढच्या वर्षी शून्यापासून सुरुवात. थोरल्याने विचारले, “माझ्या मोटारसायकलला सूट आहे की, ती इकडे लावता येईल?” काकांनी फोनवरच सांगितले, “दुचाकीची चारचाकीला चालत नाही, बाळा.”

धाकटीने मांडलेला हिशोब असा : ओन डॅमेज सुटीशिवाय २६,४००, थर्ड पार्टी ७,८९७, बेरीज ३४,२९७. त्यावर जीएसटी ६,१७३. एकूण ४०,४७०. चालवणाऱ्या मालकाचा पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा यात धरलेला नाही, तो आणखी थोडा.

चाळीस हजार. तिच्या वसतिगृहाचे वर्षाचे पैसे याहून कमी होतात. ती हे बोलली नाही. वही मात्र भावापुढे सरकवून ठेवली.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी आम्हाला ठाऊक नव्हती. दुरुस्तीच्या वेळी कंपनी सगळ्या सुट्या भागांचे पूर्ण पैसे देत नाही. प्लास्टिक, रबर, बॅटरी, एअरबॅग यांचे निम्मे पैसे मालकाचे. काचेला कपात नाही. लोखंडी पत्र्याला गाडीच्या वयाप्रमाणे. ही कपात टाळणारे झिरो डेप नावाचे जोडसंरक्षण मिळते, पण साधारणपणे गाडी पाच वर्षांची होईपर्यंतच. म्हणजे आठ वर्षांच्या परदेशी बनावटीच्या गाडीचा बंपर फुटला, तर विमा असूनही निम्मा बंपर आपल्या खिशातून. शिवाय गाडी जमिनीला टेकलेली. आमच्याकडे पावसाळ्यात ओढ्याचे पाणी पुलावरून वाहते, उन्हाळ्यात रस्त्याच्या कामाची खडी पसरलेली असते. खालून ऑइलची टाकी फुटली आणि गाडी तशीच पुढे हाकली, किंवा पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा सेल मारला आणि इंजिन गेले, तर तो अपघात नसून अपघातानंतर तुमच्या हाताने झालेले नुकसान, असे कंपनी म्हणते. त्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. आणि कॅशलेस दुरुस्ती म्हणजे कंपनीच्या यादीतल्या वर्कशॉपमध्ये. हदगावात ते नाही. टोचन करून नांदेड, नाहीतर त्याच्याही पुढे.

या सगळ्यात एक प्रश्न असा होता, जो आपल्या बहुतेक घरांत निघतो आणि लाजेकाजेने अर्धवट राहतो. विमा जायज आहे का? दादींनी तो थेट विचारला. कर्ज काढून गाडी घ्यायची नाही, व्याज द्यायचे नाही, हे आमच्याकडे आधीच ठरलेले होते. विम्याचे काय?

आम्ही मोहल्ल्यातल्या मौलानासाहेबांकडे गेलो. त्यांनी सांगितले ते थोडक्यात असे. १९८५ च्या डिसेंबरात जेद्दा येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने ठराव केला. ठराविक हप्त्याच्या व्यापारी विम्याच्या करारात मोठा गरर, म्हणजे अनिश्चितता आहे, म्हणून तो नाजायज, आणि परस्पर मदतीच्या पायावरचा सहकारी विमा हा त्याला पर्याय, असे त्यात म्हटले आहे. काही देशांत त्यातूनच तकाफुल उभे राहिले. आपल्या तालुक्यात बसून गाडीसाठी तसे काही काढण्याची सोय नाही. मग कायद्याने जे सक्तीचे आहे ते भरण्यावाचून गत्यंतर नाही, त्यात माणूस मजबूर आहे. सक्तीपलीकडच्या भागाबद्दल उलेमांत मतभेद आहेत, कोणी गरज पाहून मुभा देतात, कोणी देत नाहीत. ज्यांच्या इल्मवर तुमचा भरवसा आहे त्यांना विचारा, असे ते म्हणाले. आम्हीही वाचकांना याहून अधिक काही सांगण्याच्या अधिकाराचे नाही.

पण घरी परतताना आमच्यात बोलणे झाले ते वेगळेच. थर्ड पार्टीला आपण सगळे “पोलिसांसाठीचा कागद” म्हणतो. सर्वांत स्वस्त कुठे मिळेल ते पाहतो, मुदत संपली तरी महिना-दोन महिने तसेच फिरतो. पकडले तर पहिल्या वेळी दोन हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, एवढाच आपला हिशोब. तो कागद खरे तर आपल्यासाठी नाहीच. आपल्या गाडीखाली येणाऱ्या अनोळखी माणसासाठी आहे. मृत्यू किंवा इजा झाली तर त्यातून मिळणाऱ्या भरपाईला वरची मर्यादा नाही, मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत. हुकूकुल इबादबद्दल आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. रस्त्यावर चालणाऱ्या माणसाचा आपल्यावरचा हक्क तो हाच, असे आमचे मत झाले. स्वतःच्या पत्र्याची काळजी किती करायची हा ज्याचा त्याचा प्रश्न.

आमचा तिसरा, सोळा वर्षांचा, हे सगळे ऐकत होता. भाईजानच्या गाडीची चावी आपल्याला कधी मिळेल, एवढीच त्याला उत्सुकता. त्याच्यासाठी आम्ही मुद्दाम पुण्याचा विषय काढला. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. ती कोट्यवधींची गाडी, आणि १,७५८ रुपयांचे शुल्क न भरल्यामुळे तिची कायम नोंदणीच झालेली नव्हती. अल्पवयीन मुलाला गाडी दिली तर कलम १९९-अ प्रमाणे पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. आणि चालवणाऱ्याकडे परवाना नसेल तर विमा कंपनी जखमीला पैसे देते खरी, पण न्यायालयाच्या आदेशाने ते नंतर मालकाकडून वसूल करू शकते. स्वर्णसिंग खटल्यापासून, म्हणजे २००४ पासून, ही वाट पडलेली आहे. धाकट्या साहेबांनी जेवण संपवले आणि उठून गेले.

एवढे होऊनही आम्ही पुण्याला गेलो. बघायला काय हरकत आहे, असे शेवटी आम्हीच म्हणालो, कारण मुलाचे तोंड बघवत नव्हते.

गाडी सुंदर होती, हे कबूल करतो. आत बसल्यावर आम्हालाही दोन मिनिटे वय विसरायला झाले. पण विक्रेत्याने अभिमानाने सांगितले, “सायलेन्सर बदललाय, संगणकात ट्यूनिंग करून ताकद वाढवलीय.” थोरल्याचे डोळे चमकले आणि लगेच विझले, कारण प्रवासात त्यानेच आम्हाला वाचून दाखवले होते : नोंदणीच्या वेळच्या गाडीत परवानगीशिवाय असा फेरफार कलम ५२ प्रमाणे चालत नाही, आणि विमा कंपनीला न कळवलेला फेरफार सापडला तर ओन डॅमेजचा दावा नाकारायला तिला कारण मिळते. पॉलिसीत या बदलांचा उल्लेख नव्हता.

मग त्याने एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला. विम्याची मुदत होती. दोन दंडाच्या पावत्या थकलेल्या, तेही ठीक. पण नोंदीत बँकेचा बोजा कायम. विक्रेता म्हणाला, “कर्ज फिटलंय, फक्त कागद यायचाय.” फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र आल्याशिवाय आम्ही एक रुपया देणार नाही म्हटल्यावर त्याचा आवाज बदलला. व्यवहार रोखीत करा, पन्नास हजार कमी करतो, असेही सुचवून झाले. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, हे त्याला ठाऊक नसेल असे वाटत नाही.

बोजा आणि चेसिस नंबर या दोन गोष्टी तपासायला कंटाळू नये, एवढे आम्ही जरूर सांगू. महागड्या गाड्यांच्या बाबतीत तर नाहीच. डीसी अवंती ही महाराष्ट्रात तयार झालेली दोन आसनी स्पोर्ट्स कार पुष्कळांना आठवत असेल. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई गुन्हे शाखेने अशी एक गाडी जप्त केली आणि तिचे निर्माते दिलीप छाब्रिया यांना अटक केली. एकच इंजिन आणि चेसिस नंबर एकाहून अधिक गाड्यांवर, एकाच गाडीवर पुन्हा पुन्हा कर्ज, असा पोलिसांचा आरोप होता. आरोपाचे खरेखोटे न्यायालय पाहील. पण अशी गाडी घेणाऱ्याच्या हातात विम्याचा कागद असून काय उपयोग, हा विचार मनात आल्यावाचून राहात नाही. चेसिस नंबर आरसीवर वाचायचा आणि गाडीवर बोटाने चाचपून पाहायचा. आम्ही टॉर्च घेऊन गेलो होतो.

परतीच्या बसमध्ये थोरला लातूरपर्यंत गप्प होता. आम्हीही बोललो नाही.

दोन महिन्यांनी त्यानेच दुसरी गाडी शोधली. लातूरच्या एका गुरुजींची पोलो जीटी टीएसआय, २०२१ ची, चाकणला बनलेली, एमएच २४. ९९९ सीसी, तरी ११० अश्वशक्ती. “अब्बा, छोटी आहे, पण पळते,” असे तो म्हणाला, आणि आम्ही ते न ऐकल्यासारखे केले. पावणेसात लाखांना ठरली. पाच त्याचे, उरलेले घरच्या भिशीतून. विम्याचा हिशोब पुन्हा धाकटीने केला : पाच लाखांच्या आयडीव्हीवर ओन डॅमेज १३,५००, थर्ड पार्टी २,०९४, जीएसटी धरून १८,४०१. लाल गाडीच्या निम्म्याहूनही कमी. ओन डॅमेज घ्यावा की नाही, यावर घरात एकमत झाले नाही. पैसे थोरल्याचे, निर्णय त्याने घेतला, त्याने घेतला.

गुरुजी सरळ माणूस. त्यांनी स्वतःची नो क्लेम सूट राखून ठेवण्याचे पत्र आधीच काढून ठेवले होते, आणि आम्हाला दोनदा विचारले, “नावावर कधी करणार?” त्यांच्या आवाजातली धास्ती आम्ही ओळखली. कायदा असा आहे की गाडी विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे, घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव लावून घ्यायचे, आणि विमा कंपनीला घेणाऱ्याने चौदा दिवसांत अर्ज द्यायचा. थर्ड पार्टीचे संरक्षण गाडीबरोबर आपोआप नव्या मालकाकडे जाते. ओन डॅमेजचे तसे जात नाही, कंपनीने मान्य करून नोंद करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कम्प्लीट इन्शुलेशन्स कंपनीच्या खटल्यात हे सांगून ठेवले आहे. म्हणून आम्ही जुनी पॉलिसी ओढत बसलो नाही. थोरल्याच्या नावाने नवी काढली, मग गाडी हदगावला आणली.

सव्वीसाव्या दिवशी नोंदीत नाव बदलले. पडद्याचा फोटो काढून आम्ही गुरुजींना पाठवला. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला. म्हणाले, “आता झोप लागेल.” मग थोडे थांबून, “पोराला सांगा, तिसऱ्या गिअरला जरा धक्का बसतो, घाबरू नको म्हणावं.”